नुसती चालच दाखवायची, तर जायचं कशाला?

पत्र:

ताई, मी एकतीस वर्षांची आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. दोन्ही पाय आखडलेले, उजव्या हाताची पकड जेमतेम, आणि पाठ-पोट इतकं कच्चं की टेकल्याशिवाय फार वेळ बसवत नाही. घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. सहा वर्षांपूर्वी फिजिओथेरपीचा भाग म्हणून घोड्यावर बसले आणि मग उतरावंसंच वाटेना. दोन वर्षं ड्रेसाज शिकतेय, म्हणजे घोड्याकडून इशाऱ्यांवर ठरलेल्या हालचाली करून घ्यायचा खेळ. चाल चांगली जमते. खोगिराचा पट्टा धरून थोडी दुडकीही (ट्रॉट) जमते, आणि दुडकी ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

आता सर म्हणतात, वर्गीकरण करून घे (अपंगत्व किती ते तपासून ग्रेड ठरवतात) आणि स्पर्धेत उतर. त्यांच्या अंदाजानं मला ग्रेड १ मिळेल. ग्रेड १ म्हणजे नुसती चाल! ऐकून मला रडूच आलं. जन्मभर लोक माझ्या चालण्याकडे बघत आलेत. आता रिंगणात जाऊनही चालच दाखवायची? ओळखीतले एक जण म्हणाले, तपासणीच्या दिवशी सगळा जोर लाव, बरी आहेस असं दाखव, वरचा ग्रेड मिळेल. शिवाय मी पायांऐवजी दोन चाबूक वापरते. तबेल्यातली एक मुलगी हसत म्हणाली, "तुझं बरंय, तुला सवलत आहे." आणि भाऊ म्हणतो, जे करतो ते घोडा करतो, तू नुसती बसतेस. स्पर्धेत सॅल्यूट करताना एक हात सोडावा लागतो म्हणे, तो तर मला सोडताच येत नाही. काय करू?

– चालीत अडकलेली

उत्तर:

प्रिय चालीत अडकलेली,

प्रश्न तू चार-पाच विचारलेस, पण घोडं पेंड खातंय ते एकाच ठिकाणी. चाल ही तुला दुडकीच्या खालची पायरी वाटते. लहान मूल आधी चालतं, मग पळतं. तसं चाल सोपी, दुडकी अवघड, कँटर म्हणजे दुडकीपुढची धाव त्याहून अवघड असा हिशेब तू मनात मांडलायस. घोड्यावर बसायला शिकताना तो हिशेब खरा असतो. ड्रेसाजमध्ये तो खोटा ठरतो.

का, ते सांगते. घोड्याची चाल चार ठेक्यांची. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. प्रत्येक पाय स्वतंत्र पडतो आणि घोडा कधीच पूर्ण हवेत नसतो. दुडकीत पाय तिरक्या जोडीनं पडतात, दोन जोड्यांच्या मध्ये घोडा क्षणभर अधांतरी असतो, आणि त्या उसळीत बरंच काही झाकून जातं. स्वार जरा वाकडा बसला, लगाम जरा जास्त ओढला गेला, तरी पुढची उसळी येते आणि गाडी सावरून घेते. चालीला उसळी नसते. सायकल चालवणाऱ्या माणसाकडे बघ: वेग कमी झाला की हँडल लटपटायला लागतं. मधल्या रेषेवरून दुडकीत घोडा सरळ नेणं सोपं, चालीत तोच घोडा नागमोडी होतो.

शिवाय चाल फार हळवी असते. स्वाराची कंबर ताठ झाली की घोडा पाठ आवळतो, आणि पाठ आवळली की चार ठेके विस्कटतात. एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम पडायला लागतात, उंटासारखे. परीक्षकाच्या नजरेतून ते सुटत नाही. घाईत बिघडलेली दुडकी दोन-चार वर्तुळांत ताळ्यावर आणता येते. एकदा बिघडलेली चाल परत बसवायला महिने लागतात, आणि काही घोड्यांची ती कधीच बसत नाही. म्हणून तर कसलेले प्रशिक्षक घोडा घ्यायला गेले की त्याची चाल आधी बघतात.

यातला माझ्या आवडीचा भाग म्हणजे मोकळी चाल. लगाम लांब सोडायचा, घोड्यानं मान पुढे आणि खाली ताणायची, पावलं एवढी ऐसपैस पडायची की मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्याही पलीकडे गेला पाहिजे. आणि एवढं सैल सोडूनही घोडा तुझंच ऐकत असला पाहिजे. मग लगाम परत गोळा करायचा. इथे भल्याभल्यांचे घोडे टुणटुण करायला लागतात, कारण लगाम हातात आला म्हणजे आता काहीतरी होणार हे घोड्याला ठाऊक असतं. बऱ्याच टेस्टमध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या ठरलेल्या हालचालींच्या फेरीत, या तुकड्याचे गुण दुप्पट धरतात. तुझ्या उजव्या हाताची पकड कमी आहे, तेव्हा तुझी खरी परीक्षा इथे आहे. सरांशी बोलून लगामाला फासे शिवून घ्यायचे का ते बघ. फाशात हात अडकवून लगाम लांब-आखूड करता येतो, बोटांत जोर असायची गरज पडत नाही.

आता नुसत्या चालीत दाखवण्यासारखं काय असतं, हे विचारतेस ना? टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, अमेरिकेच्या रॉक्सॅन ट्रनेलनं ग्रेड १ मध्ये डॉल्टन नावाच्या घोड्यावर संगीताच्या फेरीत ८६ टक्क्यांच्या वर गुण घेतले आणि सुवर्णपदक घेतलं. २००९ मध्ये आजारपणात तिच्या मेंदूला सूज आली, तेव्हापासून शरीराचा तोल आणि हालचालींचा मेळ गेला, ती व्हीलचेअर वापरते. ड्रेसाजमध्ये ७० टक्के पडले की स्वार खुशीत घरी फोन करतात. ८६ म्हणजे काय, ते तू सरांना विचार. हे सगळं नुसत्या चालीवर.

तुझ्या आणखी जवळचं नाव हवं तर सिंगापूरची लॉरेन्शिया टॅन. तिलाही सेरेब्रल पाल्सी, वर ऐकू येत नाही. तीसुद्धा लहानपणी फिजिओथेरपी म्हणूनच घोड्यावर बसली. २००८ च्या पॅरालिम्पिकमध्ये, सर्वांत तीव्र अपंगत्व असलेल्यांच्या वर्गात, तिनं दोन कांस्यपदकं मिळवली आणि ती तिच्या देशाची पहिलीच पॅरालिम्पिक पदकं होती. त्यातलं एक संगीताच्या फेरीतलं आहे. ऐकू न येणारी बाई घोड्याची पावलं संगीताशी जुळवते, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

(जुने लेख वाचशील तेव्हा एक लक्षात ठेव. २०१७ पूर्वी ग्रेडना वेगळे आकडे होते. तेव्हाचा 'एक-अ' म्हणजे आजचा १, 'एक-ब' म्हणजे आजचा २, जुना २ म्हणजे आजचा ३. हा गोंधळ माझाही बरेच दिवस व्हायचा.)

तरी तुझं रडू मला कळतं. ते दुडकीसाठी नव्हतंच. "जन्मभर लोक माझ्या चालण्याकडे बघत आलेत," हे वाक्य मी तीनदा वाचलं. दवाखान्यात, रस्त्यावर, लग्नसमारंभात लोक बघतात ते तुझ्यात काय कमी आहे ते. रिंगणातली नजर कशी असते हे मी जवळून पाहिलंय, म्हणून एक प्रसंग सांगते.

मी बरीच वर्षं परीक्षकांची लेखनिक म्हणून काम केलं. रिंगणाभोवती खुणेची अक्षरं लावलेली असतात, त्यातल्या 'सी' या अक्षराच्या मागे एका टेबलाशी परीक्षक बसतात. परीक्षक बोलतात, लेखनिक लिहितो. त्यांना नजर घोड्यावरून काढता येत नाही म्हणून ही सोय. एका छोट्या स्पर्धेत ग्रेड १ चा एक मुलगा आला. त्याला घोड्यावर बसवायलाच तिघे लागले होते. तो आत आला तेव्हाच माझे डोळे भरून आले, म्हणजे मी कामाची उरले नव्हते. तिसऱ्या हालचालीला परीक्षकबाई म्हणाल्या, "पाच. ठेका तुटतोय, पाठ आवळलीय." माझं पेन थांबलं. मनात आलं, काय ही बाई! त्यांनी रिंगणावरची नजर न हलवता परत सांगितलं, "पाच. लिहा." मी लिहिलं.

संध्याकाळी तो मुलगा गुणपत्रिका घेऊन आमच्या टेबलापाशी आला. मला वाटलं, तक्रार करणार. त्यानं तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ठेका कोपऱ्याच्या आधी तुटला की नंतर?" परीक्षकबाईंनी खुर्ची ओढली आणि दोघं वीस मिनिटं त्या एका कोपऱ्याबद्दल बोलत बसले. मी डोळे पुसत बसले होते तेव्हा त्या दोघांचं काम चालू होतं. लाज वाटली मला.

ड्रेसाजची गुणपत्रिका शून्य ते दहाच्या आकड्यांची असते, अर्धे गुणही देता येतात. तीत ठेका असतो, सरळपणा असतो, वळणाची गोलाई, थांबण्याचा चौरसपणा, घोड्याचं ऐकणं. धैर्याचा रकाना त्यात नाही. कडेला उभं राहून कुणी भारावून टाळ्या वाजवतील, वाजवू देत. त्यांना आवरता येणार नाही आणि त्याचा तुला उपयोगही नाही. तुझा संबंध त्या टेबलाशी. तिथे तुझ्या चालण्याचे गुण कुणी देत नाही. घोड्याच्या चालण्याचे देतात, आणि ती चाल तुझ्या मांडीखाली, तुझ्यामुळे तशी पडत असते.

आता तपासणी. पाच ग्रेड असतात. १ मध्ये अपंगत्व सर्वांत जास्त, ५ मध्ये सर्वांत कमी. ग्रेड १ ला चाल, २ आणि ३ ला चाल आणि दुडकी, ४ पासून पुढे कँटरही. पहिल्या तिघांचं रिंगण २० बाय ४० मीटरचं, बाकी दोघांचं ६० मीटर लांबीचं. वर्गीकरण करणारे लोक फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर असतात आणि मुख्य तपासणी होते ती घोड्यावर नाही, बाकावर. स्नायूंची ताकद, सांधे किती वळतात, हालचालींचा मेळ किती बसतो. तुला घोडेस्वारी किती छान येते हे तिथे कुणी बघत नाही, आणि तेच बरोबर आहे. उत्तम स्वाराला त्याच्या कौशल्याची शिक्षा म्हणून वरच्या ग्रेडमध्ये ढकलायचं का?

'सगळा जोर लाव' हा सल्ला देणाऱ्या गृहस्थांना सेरेब्रल पाल्सी कळलेली नाही. तुला मात्र ती आतून माहीत आहे. तू जोर लावलास की काय होतं? पाय आणखी आखडतात, हात वळतो, जबडासुद्धा आवळतो. म्हणजे बरी दिसायला जाशील आणि होतीस त्याहून वाईट दिसशील. हा झाला विनोदाचा भाग. गंभीर भाग असा, की आपली क्षमता मुद्दाम कमी किंवा जास्त दाखवणं हा पॅरा-खेळांत गुन्हाच धरतात, त्यासाठी बंदी येऊ शकते. बहुतेक लबाड लोक जास्त अपंग असल्याचं नाटक करतात. तू उलट्या दिशेनं करायला निघालीस, एवढाच फरक.

आणि समज, जमलंही. मिळाला ग्रेड २. मग तुझी गाठ पडेल तुझ्यापेक्षा पाठ-पोट पक्कं असलेल्या स्वारांशी, दुडकीत. तुला तिथे पट्टा धरूनच बसावं लागेल, अर्धी टेस्ट फक्त न पडण्यात जाईल. आज तुला दुडकी आवडते कारण तिच्यात काही सिद्ध करायचं नसतं. तो आनंद गुणपत्रिकेवर ठेवून पाचाच्या आत आणायचा का?

तेव्हा तपासणीला जाशील तशीच जा. सैल कपडे घाल, जुन्या तपासण्यांचे कागद ने, कोणती औषधं चालू आहेत ते लिहून ने. बोटॉक्सची इंजेक्शनं घेत असशील तर शेवटची कधी घेतलीस तेही सांग, कारण त्यानं स्नायू तात्पुरते सैल पडतात. दुखत असेल तिथे दुखतं म्हण. सरांचा अंदाज चुकलाही असेल. ग्रेड सर ठरवत नाहीत. पुढे शरीरात बदल झाला तर फेरतपासणी मागता येते.

चाबकांबद्दल. 'सवलत' हा शब्द मला खुपला, आणि तो फक्त त्या मुलीच्या तोंडून आला म्हणून नाही. तुझ्या पत्रातही तू तो तसाच उतरवून घेतलास, त्यावर एक अक्षर न उलटता.

स्वार घोड्याशी बोलतो ते इशाऱ्यांनी: बैठक, वजन, पाय, हात, आवाज. त्या मुलीला तिच्या पोटऱ्या आहेत. तिनं पोटरी जरा दाबली की घोडा पुढे होतो, कारण कुणीतरी त्याला लहानपणी शिकवलंय की पोटरीचा दाब म्हणजे 'पुढे'. हा अर्थ घोड्याच्या पोटात जन्मतः नसतो. तुझ्या घोड्याला कुणीतरी शिकवलंय, बहुधा तूच, की जिथे पोटरी लागते तिथे चाबकाच्या टोकाचा हलका स्पर्श म्हणजे 'पुढे'. डावीकडचा स्पर्श झाला की उजवीकडे सर. दोन पाय, दोन चाबूक. मारण्याचा त्यात संबंध नाही. ज्या घोड्याला चाबकाची धास्ती आहे तो या कामाला निरुपयोगी. आणि हे सोपं मुळीच नाही. पोटरी चोवीस तास घोड्याला चिकटलेली असते, बारीकसा दाबही पोचतो. चाबकाचं टोक तुझ्या हातापासून लांब असतं, आणि तुझा उजवा हात अचानक आखडला तर ते टोक नको तिथे, नको तेव्हा लागतं. घोड्यानं ते माफ करायला शिकायचं, आणि तू ते कमीत कमी होऊ द्यायचं.

याला नियमांत भरपाईची साधनं म्हणतात. वर्गीकरणानंतर तुझ्या नावावर कोणती साधनं चालतील ते नोंदवलं जातं: दुसरा चाबूक, फाशांचा लगाम, खोगिराला मऊ पट्टा, पाय रिकिबीत राहावा म्हणून रबरी पट्टी, काही स्वारांना आवाजाचा वापर. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी रिंगणाभोवती माणसं उभी राहून अक्षरं पुकारतात. नोंद नसलेलं साधन मात्र चालत नाही, त्यामुळे नेमकं काय लागतं ते आधी सरावात ठरव. एक गोष्ट कधीही करू नकोस: स्वतःला खोगिराला बांधून घेऊ नकोस. रबरी पट्टीही अशीच हवी की पडलीस तर ती सुटली किंवा तुटली पाहिजे. पडणं हे स्वारीत आहेच, घोड्याबरोबर फरफटणं नको.

या साधनांमुळे एकही गुण जास्त मिळत नाही. ती मुलगी पुन्हा बोलली तर तिला म्हण, एक दिवस पाय रिकिबीतून काढून, दोन चाबूक घेऊन माझ्या घोड्यावर बस. मी हे बऱ्याच जणांना करायला लावलंय. पहिल्या पाच मिनिटांत ते हसतात, पुढच्या पाचात घोडा गोल गोल फिरतो, आणि मग ते गप्प होतात.

तुझ्या भावाचं म्हणणं मी लवकर उरकते, कारण ते फार जुनं आहे. डेन्मार्कची लिस हार्टेल १९४४ मध्ये, पोटात बाळ असताना पोलिओनं आजारी पडली. गुडघ्याखाली पायांत हालचाल परत आलीच नाही. घोड्यावर चढायला आणि उतरायला मदत लागायची. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये बायकांना ड्रेसाजमध्ये पहिल्यांदा पुरुषांच्या बरोबरीनं उतरू दिलं, आणि त्यात तिनं ज्युबिली या घोडीवर रौप्यपदक घेतलं. १९५६ मध्ये पुन्हा रौप्य. पॅरा वर्ग नव्हता, ग्रेड नव्हते, समोर सैन्यातले अधिकारी होते. पोटऱ्यांशिवाय तिनं ज्युबिलीला बैठकीच्या आणि पाठीच्या इशाऱ्यांवर चालायला शिकवलं होतं. घोडा आपोआप करत असता तर दुसऱ्या कुणालाही ज्युबिलीवर बसवून रौप्य मिळालं असतं. १९९६ च्या अटलांटा पॅरालिम्पिकमध्ये तर स्वारांना स्वतःचे घोडेही नेता आले नव्हते. यजमानांनी दिलेल्या, काही दिवसांच्या ओळखीच्या घोड्यांवर त्यांनी टेस्ट दिल्या. आणि ब्रिटनच्या नताशा बेकरच्या पायांना तान्हेपणापासून संवेदना नाही. तिच्या कॅब्रल या घोड्यानं तिच्या बैठकीची भाषा शिकून लंडन आणि रिओ मिळून पाच सुवर्णपदकांत तिला साथ दिली. भावाला एवढंच विचार, की शिकवलं कुणी?

मला त्याच्यावर राग नाही, बरं का. त्यानं तुला आयुष्यभर कुणीतरी ढकलत असलेल्या खुर्चीत पाहिलंय. घोडाही त्याला तशीच एक खुर्ची वाटतो. सकाळी सरावाला त्याला बोलव आणि तू मान, हात काहीही न हलवता घोडा थांबवून दाखव. काय केलंस ते त्याला ओळखू दे.

आता शरीराचं थोडं, कारण उत्साहाच्या भरात हेच राहून जातं. तुझ्या स्थितीत खुब्याचे सांधे जागेवर आहेत ना, हे डॉक्टरांकडून बघून घे. सेरेब्रल पाल्सीत खुबा हळूहळू सरकलेला असू शकतो आणि रुंद पाठीच्या घोड्यावर त्याच्यावर फार ताण येतो. तुला अरुंद पाठीचा, लांब पण मऊ पावलांचा घोडा हवा. देखणा, छातीदार घोडा दुसऱ्या कुणाला तरी शोभू दे. थंडीत आणि घाबरल्यावर तुझे पाय जास्त आखडणार, तेव्हा स्पर्धेच्या सकाळी घोड्याआधी स्वतःला गरम करायला वेळ ठेव. ताणाचे व्यायाम, उबदार कपडे, आणि अर्धा तास कुणीही तुझ्याशी न बोलणं. सराव-मैदानावर दमून जाऊ नकोस. तुझ्या ग्रेडमध्ये प्रशिक्षकाला टेस्टच्या आधी ठरावीक वेळ घोडा फिरवून द्यायची मुभा असते. ती घे, त्यात कमीपणा नाही. व्हीलचेअर, वॉकर, रॅम्प या सगळ्यांची घोड्याला अनोळखी जागी ओळख करून दे. घरच्या तबेल्यात शहाणा असलेला घोडा परक्या ठिकाणी स्वतःच्याच स्वाराची खुर्ची बघून बिचकतो, हे मी पाहिलंय.

सरावाला एक व्यायाम सांगते. कुणालातरी घोडा धरून चालवायला सांग, डोळे मीट, आणि मागचा कोणता पाय उचलला जातोय ते मोठ्यानं म्हण: डावा, उजवा, डावा, उजवा. मागचा डावा पुढे येतो तेव्हा घोड्याचं पोट उजवीकडे झुलतं आणि तुझा डावा खुबा किंचित खाली जातो. ते जाणव. पहिले काही दिवस चुकशील. मग बरोबर यायला लागेल. मग एक दिवस धरणाऱ्याला सोडायला सांग आणि, नेमका तो पाय उचलला जात असतानाच, त्याच बाजूच्या चाबकानं स्पर्श कर. एका पावलाचा फरक डोळे मिटूनही कळेल. तुझ्या पाठीला जे सहा वर्षं फुकट मिळत होतं, ते आता तुला वापरता येईल. चालीत घोड्याची पाठ माणसाच्या कमरेला जवळजवळ चालण्यासारखीच तिन्ही दिशांनी हलवते, म्हणूनच तर तुला फिजिओथेरपीवाल्यांनी तिथे बसवलं होतं.

दुडकी सोडू नकोस. सरावात कर, पट्टा धरून, हसत. पुढेमागे परवानगीच्या पत्रावर आपली साधनं घेऊन सर्वसाधारण ड्रेसाजच्या छोट्या स्पर्धेतही उतरता येतं. अनेक देशांच्या संघटना तशी सोय देतात. चाल आणि दुडकीची टेस्ट तिथे दे, तुझ्या जिवाला बरं वाटेल म्हणून. पण पहिली स्पर्धा ग्रेड मिळेल त्यातच, आणि छोटी. हरण्यासारखी. पन्नास-पंचावन्न टक्के पडले तर गुणपत्रिका मला पाठव, आपण एकेक ओळ बघू.

राहिलं सॅल्यूटचं. 'एक्स'वर, म्हणजे रिंगणाच्या मधोमध, थांबायचं, घोडा चारही पायांवर चौरस उभा, आणि मग हात सोडायच्या भानगडीत पडू नकोस. सूट नोंदवून घेतलीस की दोन्ही हात लगामावर ठेवून नुसती मान झुकवलेली चालते. मान झुकवताना खांदे पुढे जाऊ देऊ नकोस, नाहीतर तुझा घोडा त्याला 'चल' समजेल आणि तू मान वर करायच्या आत तिसरं पाऊल टाकलेलं असेल.

– ताई